पिस्तूल हातात बसवताना

आमच्या इंदूरला रंगपंचमीला राजवाड्यासमोरून गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते. त्या गर्दीत सापडलेला माणूस दोन दिवस तरी गुलाबी राहतो. काही वर्षांपूर्वी मीही तशीच, तळहाताच्या रेघांत अडकलेला रंग घेऊन दुसऱ्या दिवशी सकाळी नेमबाजीच्या रेंजवर गेले. तासाभराने पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि बघते तर लाकडी मुठीवर घामाने उतरलेले ठसे. मधल्या बोटाखाली गडद पट्टा, अंगठ्याच्या बुडाशी भलामोठा डाग, आणि तळहाताच्या खळग्यात लाकूड भरून बसायला हवं तिथे काहीच नाही. लाकूड कोरंच्या कोरं. दीड वर्ष मी सगळ्यांना सांगत होते की माझी पकड पक्की झाली आहे. प्रत्यक्षात पिस्तूल माझ्या हातात दोन टेकूंवर लटकत होतं.

मुलीला सोडायला म्हणून रेंजवर जायला लागले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी स्वतःच लेनवर, म्हणजे नेम धरायच्या जागेवर, उभी राहिले, असा माझा प्रवास. पदकं वगैरे काही नाहीत. पण रविवारी नवीन मुलं येतात त्यांना उभं राहायला, धरायला मी शिकवते, आणि तेच तेच प्रश्न इतक्यांदा ऐकले आहेत की ते एकदा नीट लिहून काढावेत असं वाटलं.

हे सगळं १० मीटर एअर पिस्तुलाबद्दल आहे. ४.५ मिलिमीटरचा छर्रा, एका हाताने धरायचं, मनगटाला कशाचाही आधार नाही. सिनेमात दोन्ही हातांनी धरतात ती पकड वेगळी, ती इथे कामाची नाही. आणखी एक: लाकडाच्या भागाला मी ‘मूठ’ म्हणणार आहे आणि धरण्याच्या रीतीला ‘पकड’. रेंजवर दोन्हीला ग्रिपच म्हणतात, आणि अर्धा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एका मिलिमीटरचा हिशेब

नवीन मुलं समजतात की नेम डोळ्याने लागतो. त्यांना मी पट्टी घेऊन हिशेब करायला लावते. पिस्तुलावर मागे एक खाच असते आणि पुढे फ्रंट साइट, म्हणजे त्या खाचेतून बघायचा छोटा उंचवटा. दोघींमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. आता मनगट जरासं मुडपलं आणि फ्रंट साइट खाचेच्या मधून फक्त एक मिलिमीटर सरकली, तर १० मीटरवर छर्रा किती सरकेल? सुमारे ३१ मिलिमीटर. लक्ष्यावर मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो. म्हणजे जो छर्रा बरोब्बर मध्यावर जाणार होता तो सात गुणांच्या रेषेला जेमतेम शिवतो.

याउलट खाच आणि साइट एका रेषेत राहिल्या आणि अख्खा हातच दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे डोलला, तर छर्राही तेवढाच, दोन-तीन मिलिमीटरच सरकतो. हात तर सगळ्यांचाच डोलतो. ऑलिंपिकवाल्यांचाही. म्हणून हात थरथरतो याचं दुःख करायचं सोडा आणि मनगट मुडपतं का ते बघा. मनगट मुडपतं ते बहुतेक वेळा पकडीमुळे: पिस्तूल हातात वाकडं बसलेलं असतं, डोळ्याला ते दिसतं, आणि मनगट बिचारं प्रत्येक शॉटला ते सरळ करत बसतं. साठ शॉटच्या मॅचमध्ये पस्तिसाव्या शॉटपर्यंत ते थकतं. पुढचे पंचवीस देवाच्या भरवशावर.

हात लावण्याआधी

नळीचं तोंड कायम लक्ष्याकडे. सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळीतून आरपार घातलेली ती भडक रंगाची दोरी, लेनवर परवानगी मिळेपर्यंत काढायची नाही. साइट लक्ष्याच्या परिसरात येईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर. मागून कोणी हाक मारली तर मान वळवा, पिस्तूल नाही. त्याहून चांगलं म्हणजे पिस्तूल टेबलावर ठेवा आणि मग वळा. यावर मी चर्चा करत नाही. एका मुलाला याच कारणावरून मी त्या दिवसापुरतं घरी पाठवलं होतं. त्याची आई माझ्यावर आठवडाभर रागावली होती.

उजव्या हातातलं कडं, घड्याळ, ब्रेसलेट काढा. नेमबाजीच्या हातावर ते नियमातही बसत नाही. राखीपौर्णिमेनंतर गोंडेवाल्या राख्या घालून मुलं येतात आणि गोंडा नेमका मुठीच्या खालच्या फळीवर घासतो. बहिणीची समजूत घालून ती सरावापुरती डाव्या हातावर बांधा. डावखुऱ्यांनी या लेखातलं डावं-उजवं सगळं उलट वाचावं.

पिस्तूल हातात कसं घालायचं

‘उचलायचं’ हा शब्दच मी वापरत नाही. टेबलावरचं पिस्तूल उजव्या हाताने उचललं की बोटं जिथे पडतील तिथे पडतात, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी. त्यासाठी डावा हात आहे.

डाव्या हाताने पिस्तूल पुढच्या बाजूने, ट्रिगरच्या पुढे, धरा. तोंड लक्ष्याकडेच. उजवा पंजा उघडा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी कातडीची कमान तयार होते ती मुठीच्या पाठीला, अगदी वरपर्यंत, नेऊन टेकवा. हात आणि पिस्तुलाची नळी यांच्यातलं अंतर जितकं कमी तितका पिस्तुलाचा झटका आणि डुलणं कमी. कमान टेकली की डाव्या हाताने पिस्तूल सरळ मागे, पंज्याच्या आत ढकला, पायात चप्पल सरकवतो तसं. मग मधलं बोट ट्रिगरच्या कड्याखाली घट्ट लावून गुंडाळा, त्याच्या मागोमाग अनामिका, करंगळी नुसती सोबतीला. सगळ्यात शेवटी अंगठा त्याच्या खोबणीत टेकवा. तर्जनी अजून बाहेर, सरळ.

आता डावा हात सोडा. बोटांची पेरं कुठे आली आहेत बघा. आता सगळं सोडून द्या आणि पुन्हा पहिल्यापासून करा. पहिल्या दिवशी मी मुलांना एकही छर्रा देत नाही; वीस-पंचवीस वेळा फक्त हे घालणं आणि काढणं. मुलं कंटाळतात. सुदामा नगरचा एक मुलगा पहिल्या रविवारी म्हणाला, “काकू, छप्पनला जाऊन पोहे खाऊन येऊ का, तोपर्यंत तुमचं होईल.” छप्पन म्हणजे आमची छप्पन दुकान ही खाऊगल्ली. मी म्हटलं, जा, पण आल्यावर पंचविसाच्या पंचवीस करायचे आहेत. आला आणि केले. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचे हात मात्र धुवून या असं तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

फोन असला तर डाव्या हाताने पकडीचे दोन फोटो काढून ठेवा, एक वरून, एक अंगठ्याच्या बाजूने. पुढच्या आठवड्यात ‘काल तर जमत होतं’ असं वाटेल तेव्हा तुलना करायला काहीतरी हवं.

कोणत्या बोटाने किती काम

भरलेली बादली नेताना कडी बोटांच्या मधल्या पेरांवर येते आणि ओढ सरळ एका दिशेने लागते. पिस्तुलाचंही तसंच, फक्त ओढ खालीऐवजी मागे. मधलं बोट आणि अनामिका मुठीच्या पुढच्या भागावर दाब देतात आणि ती सरळ तळहातात खेचून धरतात. काम एवढंच आणि या दोघांचंच. करंगळीने जोर लावला की नळीचं तोंड खाली झुकतं. अंगठ्याने दाबलं की पिस्तूल बाजूला ढकललं जातं. अंगठा सगळ्यात आगाऊ, त्याला वाटतं त्याच्याशिवाय पिस्तूल पडेल. एकदा त्याला वर उचलून बघा. पिस्तूल हातात जसंच्या तसं राहिलं पाहिजे. हललं, तर समजा की बाकीच्या बोटांचं काम तोच करत होता.

तर्जनी मुठीच्या लाकडाला कुठेही लागता कामा नये. तिच्यात आणि लाकडात कागद सरकेल एवढी फट दिसायला हवी. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग, आणि ओढ सरळ मागे. एअर पिस्तुलाचा ट्रिगर नियमाने किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो, म्हणजे अर्धा किलो साखरेची पिशवी. पिस्तूल स्वतः एक किलोच्या जवळपास. त्यामुळे अर्ध्या किलोची ओढ जरा तिरपी लागली तर एक किलोची वस्तू हलणारच.

आता खरी अडचण. माणसाची बोटं एकमेकांच्या नादाने चालतात. चकलीचा सोऱ्या दाबताना सगळी एकदम आवळतात आणि तिथे ते बरंच आहे. इथे तर्जनी आत यायला लागली की मागची तिन्ही नकळत आवळतात आणि छर्रा खाली डावीकडे जातो. हे स्वतःला कळत नाही. कळायला एक सोपी युक्ती आहे: डाव्या हाताची दोन बोटं जोडून उजव्या हाताने ती मुठीसारखी धरा आणि उजवी तर्जनी हवेत ट्रिगर ओढल्यासारखी सावकाश वाकवा. डाव्या बोटांना दाब वाढलेला जाणवतो का? पहिल्यांदा सगळ्यांनाच जाणवतो. बसमध्ये, टीव्हीसमोर, कुकरच्या शिट्ट्या मोजताना, कुठेही करता येतं. मी तर नातेवाइकांच्या लग्नात पंगत बसायची वाट बघताना केलं आहे.

किती घट्ट?

मला सुरुवातीला एकाने सांगितलं होतं, “दाबून धरा, सैल धरलं तर हलतं.” चार महिने मी दाबून धरलं आणि कोपराच्या आत दुखणं घेऊन बसले. नंतर दुसऱ्याने सांगितलं, “फुलासारखं धरा.” मग पिस्तूल प्रत्येक शॉटला हातात फिरायला लागलं. दोघेही आपापल्या हाताचं बोलत होते.

स्वतःच्या हाताचं माप असं काढा. पिस्तूल हातात घाला, हात लक्ष्याकडे लांब करा आणि पकड हळूहळू आवळत जा. एका क्षणी फ्रंट साइट बारीक, भराभर थरथरायला लागेल. तिथून सोडत या. थरथर जिथे थांबते त्याच्या किंचित खाली तुमचा दाब. तिथे मनगट मात्र ताठ राहिलं पाहिजे. बोटं सैल झाली म्हणून मनगट ढिलं सोडायचं नाही. हे नवीन माणसाला जड जातं, कारण आपल्या सवयीत दोन्ही एकत्र येतं.

आणि एकदा ठरलेला दाब शॉट सुटेपर्यंत बदलायचा नाही. सुटल्यावरही दोन सेकंद नाही. मॅचला ६० शॉटना ७५ मिनिटं असतात. घाई कसली आहे?

डोळे मिटून तपासणी

हा सगळा खटाटोप बरोबर झाला की नाही ते पिस्तूल स्वतः सांगतं. लक्ष्यासमोर उभं राहा, पिस्तूल रिकामं. डोळे मिटा, हात वर न्या, खाली आणा, नेहमी जिथे थांबता तिथे थांबवा. दोन श्वास घ्या. डोळे उघडा आणि काहीही न सुधारता बघा.

फ्रंट साइट खाचेच्या मध्यावर आहे पण अख्खं पिस्तूलच लक्ष्याच्या डावीकडे बघतंय, तर पकड ठीक आहे, पायांची जागा बदला. मागचा पाय थोडा सरकवला की सगळं शरीर फिरतं. फ्रंट साइट खाचेत डावीकडे गेलेली दिसली तर पिस्तूल हातात डावीकडे वळून बसलंय; ते पंज्यात किंचित उजवीकडे फिरवून पुन्हा घाला. किंचित म्हणजे एक-दोन मिलिमीटर. फ्रंट साइट खाचेच्या वर डोकावत असेल किंवा खाली बुडाली असेल तर मुठीचा कोन तुमच्या मनगटाला जुळत नाही. बऱ्याच मॅच पिस्तुलांना तो कोन बदलायचे स्क्रू असतात. ते जाणत्या माणसासमोरच हलवा.

पहिला महिनाभर दर पाच शॉटनंतर ही तपासणी करायला हरकत नाही. लोक बघतात, बघू देत.

लाकडाशी झटापट

मूठ छोटी, मध्यम, मोठी अशा मापांत येते. पण माप पंज्याचं असतं. बोटांची लांबी, तळहाताचा खळगा, अंगठ्याचा मांसल भाग हे ज्याचं त्याचं. म्हणून स्वतःचं पिस्तूल घेतल्यावर मूठ घासणं आणि भरणं आलंच. क्लबच्या पिस्तुलावर हा प्रयोग करू नका, मार खाल.

कुठे घासायचं आणि कुठे भरायचं हे ठरवायला माझी रंगपंचमी आता मी वर्षभर वापरते. तळहाताला चिमूटभर कोरडा गुलाल चोळायचा, जास्तीचा झटकायचा, पिस्तूल रीतसर हातात घालायचं, अर्धा मिनिट लक्ष्यावर धरायचं, काढायचं. जिथे गडद रंग उतरला तिथे लाकूड टोचतंय. जिथे काहीच नाही तिथे पोकळी आहे. तीनदा करून बघा. तिन्ही वेळा ठसे वेगळे आले तर लाकडाला हात लावू नका, तुमची पकडच अजून एकसारखी झालेली नाही.

गडद ठिकाणी बारीक कानस किंवा रेगमाल. दुकानदाराला ‘पॉलिश पेपर’ म्हटलं तरी कळतं, पण सियागंजच्या बाजारात ‘रेगमाल’ म्हणा, काम पटकन होतं. दहा-बारा वेळा घासा, पुन्हा हातात घाला, पुन्हा बघा. मी पहिल्यांदा एका बैठकीत अंगठ्याची खोबणी घासत सुटले, छान वाटत होतं, आणि दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आता अंगठा खोबणीत पार बुडतो. काढलेलं लाकूड परत येत नाही.

पोकळी भरायला दोन भाग मळून करायची इपॉक्सी पुट्टी. मूठ पिस्तुलापासून वेगळी करा. पुट्टीचा गोळा पोकळीत थापा, त्यावर पातळ प्लास्टिक अंथरा, आणि हात रोजच्यासारखा घालून ठसा उमटवा. जास्तीची कडेने बाहेर येईल ती काढून टाका. रात्रभर सुकू द्या, मग घासा. घासताना तोंडाला मास्क, ती पूड फुप्फुसात जायला नको.

तळहाताखाली जी सरकणारी फळी असते, पाम शेल्फ, ती नवीन मुलं शिकंज्यासारखी आवळतात. तशी आवळली की हात आत जातानाच बोटांची जागा चुकते. हात सहज आत जाईल, फळी तळहाताच्या कडेला नुसती शिवेल, इतकीच वर घ्या. पुट्टी लावताना नियमही डोक्यात असू द्या: फळीचा मुठीशी कोन ९० अंशांपेक्षा कमी चालत नाही, फळी किंवा अंगठ्याची टेकण वर वळवून हाताला कवळायची नाही, मुठीने मनगटाला आधार द्यायचा नाही. मॅचआधी तपासणीला पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत मावावं लागतं. उत्साहात पुट्टी थापून मूठ जाड केलेल्यांची तिथे पंचाईत होते.

घरी

एक लिटरची पाण्याची बाटली भरली की एक किलो. ती हाताने लांब धरून पंधरा सेकंद, मग तेवढीच विश्रांती, असे दहा वेळा. खांदा वर चढू द्यायचा नाही.

पिस्तूल घरी असेल तर कोऱ्या भिंतीसमोर ड्राय फायरिंग, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर ओढणं. पिस्तुलात त्यासाठीची सोय आहे का ते आधी पुस्तिकेत बघा. छर्ऱ्यांची डबी दुसऱ्या खोलीत, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासलेलं, आणि भिंतीपलीकडे कोणी नाही असं. कोऱ्या भिंतीवर टिपायला काहीच नसल्याने डोळा आपोआप साइटवर राहतो आणि ट्रिगर सुटताना फ्रंट साइट कुठे उडी मारते ते उघडं पडतं. आमच्याकडे देवघराच्या बाजूची भिंत रिकामी होती. सासूबाईंनी “तिकडे नाही” असं एकदाच सांगितलं आणि मी गच्चीच्या जिन्यात गेले. तिथला उजेड जास्त चांगला निघाला.

४.५ मिलिमीटर बोअरचं आणि २० ज्यूलपर्यंत ताकदीचं एअर पिस्तूल घ्यायला शस्त्र परवाना लागत नाही, ओळखपत्र लागतं. तरी ने-आण बंद पेटीतच. सिग्नलला डिकीतून उघडं पिस्तूल दिसलं तर समोरच्याला ज्यूल मोजायला वेळ नसतो.

महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट, म्हणजे लष्कराचं नेमबाजीचं केंद्र, आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायरचं रौप्य जिंकलेले विजय कुमार तिथे घडले. आपल्यापासून तासाभराच्या अंतरावर. हे मी मुलांना ऐकवते तेव्हा ती विचारतात की मग आपण तिकडेच का जात नाही. त्यांना म्हणते, आधी इथले पंचवीस करा.

क्लबचं पिस्तूल वापरणाऱ्यांनी

बहुतेक नवीन लोकांची सुरुवात क्लबच्या पिस्तुलावर होते आणि ते दिवसभरात आठ-दहा हातांतून जातं. आधीच्याने फळी कुठे ठेवली, कोन कुठे ठेवला, देव जाणे. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर स्वतःची मापं लिहा: कोणतं पिस्तूल, फळी खालच्या टोकापासून किती मिलिमीटर, ट्रिगरचं पातं पुढे-मागे कोणत्या रेघेवर. लेनवर गेल्यावर आधी ही मापं लावायची, मग डोळे मिटून तपासणी, मग पहिला छर्रा. उठताना फळी पूर्ण सैल करून ठेवायची, म्हणजे पुढच्याला कळतं की इथे आता कोणाचंच माप नाही.